इथंच तर आहे!

‘इथंच तर आहे’ हे तीन शब्द आमच्या घरात शनिवारी रात्री, जेवणं झाल्यावर, बडीशेप चघळत उच्चारले जातात. ते कानावर आले की मी भांडी जरा जास्तच आवाज करत लावते. उपयोग शून्य. एकदा ‘इथंच’ ठरलं की रविवार गेला.

पनवेलला राहण्याचा हा तोटा आहे. इकडे कर्नाळा, तिकडे प्रबळगड, त्याच्या मागे माथेरान आणि वडखळवरून वळलं की अलिबाग. सगळंच इथं. केदारनाथला जायचं तर माणूस सहा महिने आधी तिकिटं काढतो, गुडघ्यांची चौकशी करतो, शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवतो. जवळच्या जागेला ही इज्जत नाही. तिथे म्हणे नुसतं उठायचं आणि निघायचं. आमच्याकडे उठायचं मी आणि निघायचं ह्यांनी.

उठायचं म्हणजे पहाटे साडेचारला. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दहीभात, थर्मासभर चहा. ह्यांच्या गोळ्या, माझ्या गोळ्या, दोघांच्या सामाईक गोळ्या. टोपी, चादर, जुनी वर्तमानपत्रं. हे सगळं बांधत असताना हे दाराशी उभे राहून म्हणतात, “कशाला एवढं करत बसलीस? बाहेरच खाऊ की.” आणि पेण यायच्या आत मागच्या सीटवरच्या डब्याकडे हात जातो. “एकच दे. नुसती चव बघतो.”

पळस्पे फाट्याला गाडी गोव्याच्या रस्त्याला वळली की मला गॅस आठवतो. रेग्युलेटर बंद केला का? केलाच असणार. पण केलेला आठवत नाही. हे म्हणतात केला असशील, मी म्हणते असशील म्हणजे काय, आणि गाडी मागे फिरते. घरी येऊन बघावं तर गॅस बंद. आजवर एकदाही चालू सापडलेला नाही. एकदा मात्र घराचं दारच सताड उघडं सापडलं. ते बंद करणं ह्यांच्याकडे होतं, म्हणून त्या गोष्टीचा आमच्यात उल्लेख होत नाही.

मूळ भानगड माहेर-सासरची आहे. हे बार्शीचे. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो चोविसाव्या वर्षी, बँकेच्या परीक्षेला मुंबईला आले तेव्हा, गिरगाव चौपाटीवर. तेव्हापासून समुद्र म्हटलं की ह्यांचा चेहरा मुंजीतल्या बटूसारखा होतो. माझं माहेर चौलचं. समुद्र वाडीच्या पलीकडे होता, पण त्याच्याकडे बघत कोणी बसायचं नाही. होड्या आल्या का एवढं बघायचं आणि कामाला लागायचं. पुळणीवर समुद्राकडे तोंड करून तासभर बसलेला माणूस दिसला की आजी विचारायची, “याचं घरी भांडण झालंय का गं?”

हे निवृत्त झाले आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. डॉक्टरांच्या मनात गल्लीतल्या बागेच्या चार फेऱ्या होत्या. ह्यांनी त्याचा अर्थ सह्याद्री असा घेतला. मग तह झाला. एक रविवार डोंगर, एक रविवार समुद्र. घरी झोपण्याचा रविवार तहात घालायचा माझ्याकडून राहून गेला.

डिसेंबरात कर्नाळा झाला. कर्नाळा म्हणजे खरोखरच इथंच, घरापासून पंधरा किलोमीटरसुद्धा नसेल. वाटेत शिरढोण लागतं. शिरढोण आलं की हे गाडी हळू करतात आणि सांगतात, “वासुदेव बळवंत फडके इथले. जन्म १८४५. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते.” आम्ही अलिबागला निघालो तरी सांगतात, पेणला गणपतीची मूर्ती ठरवायला निघालो तरी सांगतात. एकदा मीच आधी म्हणून टाकलं तर दोन किलोमीटर गप्प होते.

किल्ला पक्षी अभयारण्यात आहे. फाटकाशी वनखात्याचा एक मुलगा टेबल टाकून बसला होता. आत प्लॅस्टिक किती नेताय ते मोजायचं, अनामत ठेवायची, आणि येताना तेवढंच परत दाखवून पैसे न्यायचे, असा नियम. नियम उत्तमच आहे. फक्त तो करणाऱ्याने माझी पिशवी पाहिली नव्हती. पुऱ्यांची पिशवी निघाली. तिच्यात भाजीच्या डब्याची पिशवी. डबा गळू नये म्हणून त्याला आतून आणखी एक. मिठाची पुडी, गोळ्यांची पिशवी, ओल्या रुमालाची पिशवी, कचऱ्यासाठी एक, ती फाटली तर म्हणून एक, आणि असू दे म्हणून घडी घालून ठेवलेल्या चार. मागे कॉलेजच्या मुलांची रांग लागली. तो पोरगा आधी हसत होता, मग गंभीर झाला, आणि शेवटी वहीत लिहिलं, ‘नग १९’. हे लांब जाऊन एका झाडावरची पाटी वाचत उभे राहिले. मी कोण, हे त्यांना माहीत नसावं असा चेहरा होता.

चढाबद्दल फार सांगत नाही. दम लागलेल्या माणसाला सविस्तर काही आठवत नाही. एवढंच लक्षात आहे की वरून उतरणाऱ्या प्रत्येकाला मी “अजून किती?” विचारलं आणि प्रत्येकाने “दहा मिनिटं” असं सांगितलं. पहिली दहा मिनिटं साडेनऊला होती. शेवटची अकराला. डोंगर उतरणारी माणसं खोटं का बोलतात कळत नाही. यांना वर कोणी शपथ घालून सोडतं की काय?

वर तो सुळका, पनवेलच्या कुठल्याही गच्चीतून दिसणारा अंगठा. त्याला आग्यामोहोळं लागलेली असतात, म्हणून तिथे आवाज करायचा नाही. त्यामुळे ह्यांना जे सुनवायचं म्हणून मी दीड तास मनात जुळवत आले होते, ते कुजबुजत सुनवावं लागलं. कुजबुजीत भांडणाला काही मजा नाही. हे मात्र खुशीत. पश्चिमेकडे हात करून म्हणाले, “धुकं नसतं ना, तर इथून समुद्र दिसला असता.”

म्हणजे मी डोंगर चढले तो माझ्या माहेरचा समुद्र न दिसण्यासाठी.

खाली आल्यावर मोजणी झाली. नग १८. पुन्हा मोजले, १८. अनामतीपेक्षा इभ्रतीचा प्रश्न होता, कारण सकाळचाच मुलगा बसला होता आणि त्याला एकोणीस हा आकडा पाठ होता. डबे उघडले, पदर झटकला. शेवटी तोच संकोचून म्हणाला, “काकू, काकांच्या मागे बघा.” वर दगड ओला होता म्हणून ह्यांनी बुडाखाली पिशवी घेतली होती. ती पँटला चिकटली, आणि साडीच्या दुकानाची ती पिवळीधमक पिशवी, वर लाल अक्षरात ‘लग्नबस्त्याचे खास दालन’, मिरवत हे अख्खा किल्ला उतरले होते. वाटेत मागची मुलं का खिदळत होती त्याचा उलगडा झाला. अनामत परत मिळाली.

समुद्राचा रविवार माघातला. बेत कुलाबा किल्ल्याचा. अलिबागचा हा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला नाही. म्हणजे वेळ साधली पाहिजे. ह्यांनी फोनवर बघून ठेवलं होतं, ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. मी कॅलेंडरकडे पाहिलं. अष्टमी.

आमच्या आजोबांचा हिशेब साधा होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला सुकती. फोन बरोबरच होता. पण आजोबा त्यापुढचंही शिकवून गेले होते, ते फोनने ह्यांना सांगितलं नव्हतं. पुनव-अवसेला उधाण असतं. पाणी चढतंही खूप आणि हटतंही लांबवर. अष्टमीला भांग. भांगाला पाणी फार चढत नाही, तसं फार हटतही नाही. आळशी माणसासारखं जागच्या जागी चुळबुळत राहतं.

“अहो, आज भांग आहे,” मी म्हटलं. “पाणी पुरतं जायचं नाही.”

“ओहोटी म्हणजे ओहोटी,” हे म्हणाले. बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळ बरोबर असताना शिल्लक कमी निघू शकते हे खरं तर कळायला हवं होतं.

बाराला आम्ही किनाऱ्यावर. किल्ला समोर, आणि मधे गुडघाभर पाणी. घोडागाड्या उभ्या होत्या. मी सरळ एकीकडे निघाले. ह्यांनी मला थांबवलं. “गाडी कशाला? इथंच तर आहे. उन्हाळ्यात आपण कोरडे गेलो होतो.” मग पँट दुमडायचा कार्यक्रम झाला. एक घडी, दोन घड्या, गुडघ्यावर आल्यावर ती घडी पोटरीला करकचली, ती सोडून पुन्हा पहिल्यापासून. चपला एका हातात, फोन दुसऱ्या हातात. मी साडी खोचली. चौलच्या मुलीला पाण्यात चालायला शिकवावं लागत नाही. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. हे मात्र बगळ्यासारखे प्रत्येक पाऊल उंच उचलून, कुठे ठेवावं याचा विचार करत निघाले.

निम्म्यावर दगडांना शेवाळं होतं. ह्यांनी मागे वळून मला “जपून ये” म्हटलं आणि त्याच वाक्यात खाली बसले. पडले असं म्हणता येणार नाही. संथपणे, ताटावर बसावं तसे बसले. पाणी छातीपर्यंत आलं. फोनचा हात तेवढा वर राहिला, आणि एक चपल मुरूडच्या दिशेने निघाली. ती मी पकडली. शेजारून जाणाऱ्या घोडागाडीतल्या आजीबाईंनी हात जोडले. समुद्रस्नानाचं काही व्रत असावं असं त्यांना वाटलं असेल. गाडीवाला म्हणाला, “काका, येताना तरी बसा.”

किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, आणि चहूकडे खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे. हे देवळाच्या पायरीवर उन्हात वाळत बसले. पँटेतून पाणी निथळत होतं, पण इतिहास कोरडा होता. “कान्होजी आंग्र्यांचा किल्ला हा. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून अलिबागवर चढाई केली. हात हलवत परत गेले.”

“त्यांनाही कोणी तिथी सांगितली नसेल,” मी म्हटलं.

पुऱ्या संपेपर्यंत आमच्यात बोलणं झालं नाही. परत येताना घोडागाडीत मात्र मुकाट्याने बसले.

गाडीच्या सीटवर वर्तमानपत्रं अंथरली, आणि अलिबाग सोडताना रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसल्या. २०२२ मध्ये या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून विकणाऱ्या बायका घासाघीस करणाऱ्याकडे नुसतं बघतात. हे ओल्या पँटेनिशी उतरले आणि भाव करायला लागले. बाईने ह्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपणहून दहा रुपये कमी केले. ह्यांना अजून वाटतं आपण भाव पाडला.

मग वडखळ. अलिबागचा रस्ता तिथे महामार्गाला मिळतो, आणि रविवारी संध्याकाळी मुंबईकडची सगळी माणसं एकदम मिळायला येतात. या महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा आमचा मुलगा सातवीत होता. आता त्याचं लग्न ठरवतोय. दीड तास आम्ही एकाच ट्रकच्या मागे होतो. त्यावर लिहिलं होतं, ‘बघतोस काय, पुढे जा’. मागून काचेवर टकटक करत चिक्की आली, शेंगा आल्या, मोबाइलचे चार्जर आले. गाडीत खारट पँट, कांदे आणि उरलेला दहीभात यांचा एकत्रित वास सुटला होता. पेणला हे झोपेत असल्यासारखे म्हणाले, “बार्शीला जायला एवढाच वेळ लागतो.” मी काही बोलले नाही. बार्शीला पाच-सहा तास लागतात. आम्हाला तेवढे झालेच होते.

घरी पोचलो नऊला. गॅस बंद होता. ह्यांनी पँट गॅलरीत झटकली तर खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी वर बघून विचारलं, “कुठे गेला होतात?”

“इथंच,” हे म्हणाले.

अंथरुणावर पडले तर पायाला वाळू लागली. दोन वेळा न्हायले होते, तरी. दिवा मालवला. बराच वेळ हे कुशीवर वळत होते. मग अंधारात आवाज आला, “अगं, पुढच्या रविवारी तिथी कोणती?”

“पौर्णिमा,” मी झोपेत म्हटलं. “पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे संध्याकाळी सव्वापाचला सुकती. उधाणाची. पार किल्ल्यापर्यंत पुळण उघडी पडेल, पाऊल भिजायचं नाही.”

बोलून झाल्यावर मला जाग आली.

“पुढचा रविवार डोंगराचा आहे,” मी म्हटलं.

“किल्ल्यात नाही जायचं,” हे म्हणाले. “नुसतं कोरड्या पायाने जाऊन तटाला हात लावून यायचं. दुपारी निघू. पुऱ्यासुद्धा नकोत.”

मी उशीला टेकून घड्याळाकडे बघत राहिले. बाराला पाच कमी होते. शेजारी घोरणं सुरू झालं होतं, आणि कॉटखाली कुठेतरी कांद्याची माळ सरकल्याचा आवाज आला.