सोलर विकू नका, वीज विका

सध्या नाशकात पाथर्डी फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंत जिकडे बघावं तिकडे सोलरचे बोर्ड, आणि सगळ्यांचं बोलणं एकच, 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी मिळते, बाकीचं लोन आम्ही करून देतो. ही सबसिडी देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना चांगलीच आहे, त्यात वाद नाही. पण पॅनल घराच्या मालकीचं झालं की पुढची सगळी कटकटही घराचीच होते ना. पॅनल 25 वर्षं चालतं, इन्व्हर्टर त्याच्या निम्म्यातच बदलावा लागतो, मे महिन्यात धूळ बसली की युनिट घटतात, आणि पैसे आधीच पूर्ण मिळालेले असले की विकणाऱ्याला फोन उचलायची घाई कशाला असेल? इंदिरानगरातल्या गच्च्यांवरचे जुने सोलर हीटर बघा, बोअरच्या पाण्याचे क्षार साचून कित्येक नुसतेच उभे आहेत.

म्हणून मला रेस्को मॉडेल पटतं. कंपनी स्वतःच्या खर्चानं तुमच्या गच्चीवर पॅनल लावते, मालकी तिची, देखभाल तिची, आपण फक्त तयार झालेल्या युनिटचे पैसे द्यायचे. सिस्टिम बंद पडली तर कमाई तिची बुडते, मग माणूस न बोलावता येतो! सूर्यघरच्या नियमांत याला जागा आहे तरी बोर्डावर हे कोणीच लिहीत नाही.

कंपन्यांची भीती मात्र खरी आहे, एकेका बंगल्याच्या 3 किलोवॅटसाठी वसुली करत कोण फिरणार. त्याचा रस्ता आपण आधी बघितलेला आहे. 2015 च्या उजाला योजनेत एलईडी बल्ब 10 रुपये भरून घरी न्यायचा आणि बाकीचे पैसे हप्त्यानं लाइट बिलातून, अशी सोय होती, आणि एकगठ्ठा खरेदीमुळे सरकारला 310 रुपयांना पडणारा बल्ब दोन-तीन वर्षांत 38 वर आला. तसंच एका कॉलनीचे चाळीस बंगले एकत्र धरा आणि वसुली महावितरणच्या बिलातून करा, वेगळा माणूस लागणारच नाही.

भाडेकरूंचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो, कारण सिडकोत भाड्यानं राहणाऱ्याला ना गच्ची ना सबसिडी.

सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातल्या लाइटसाठी किलोवॅटला 18 हजार सबसिडी मिळते, तिथून सुरुवात सोपी आहे. फक्त रेस्को कंपनीच्या ॲग्रीमेंटवर सही करण्याआधी दरवर्षी रेट किती वाढणार, गच्ची गळाली तर कोण भरणार आणि मधेच बाहेर पडायचं झालं तर काय, एवढं लेखी घ्या. नाशकात कोणाच्या सोसायटीनं असं ॲग्रीमेंट केलं असेल तर युनिटचा रेट इथे टाका, आम्हाला पुढच्या मीटिंगमध्ये मांडायचाय.