शंभर दिवस, एकच शब्द

परवा आमच्या डिझाईनच्या ऑफिसातल्या नव्या पोराने विचारलं, "दादा, डेली यूआय लावू का? शंभर दिवसांत हात बसंल न्हवं?" मी त्याला चहा पाजला आणि उत्तर टाळलं. ते इथं लिहितोय. जरा लांबेल.

मीही ते केलंय, म्हणजे अर्धवट केलंय. डेली यूआय म्हणजे ॲप-वेबसाइटचे स्क्रीन डिझाईन करायचं चॅलेंज. मेलवर एकेक विषय येतो, असे शंभर. पहिला साइन-अपचं पान, दुसरा कार्डाने पैसे भरायचं पान, चौथा कॅल्क्युलेटर. सदतिसाव्याला मी सोडलं. तोवर सदतीस देखणे स्क्रीन जमले होते, इन्स्टावर बदाम पडत होते. पण वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एकवीस शुभेच्छुक बसवताना माझी तशीच तारांबळ उडत होती. त्या कॅल्क्युलेटरला गिऱ्हाईकच नव्हतं हो! "अण्णांचा फोटो जरा मोठा घ्या" म्हणणारं कुणी नव्हतं. आणि सदतीसच्या सदतीस स्क्रीनवर देवनागरीचं एक अक्षर नव्हतं. पोटापाण्याचं माझं सगळं काम मराठीत, आणि सराव करतोय इंग्रजीत.

माझं मत असं झालंय की रोज नवा विषय आला की माणूस ठेवणीतल्या युक्त्या बाहेर काढतो. आज जिथं अडलो तिथं उद्या परत जायचं नसतं, कारण उद्या विषयच वेगळा. अडचण तशीच राहते आणि आपल्याला वाटतं, प्रगती चाललीय.

या चॅलेंजांची मुळं बघितली तर गंमत दिसते. मायकेल बेरूट हे नावाजलेले डिझायनर. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शिकवताना ते विद्यार्थ्यांना सांगायचे, एक कृती निवडा आणि तीच शंभर दिवस करा. इंकटोबर, म्हणजे ऑक्टोबरभर रोज शाईचं एक चित्र काढायचं चॅलेंज, 2009मध्ये चित्रकार जेक पार्करने सुरू केलं ते स्वतःचा शाईचा हात सुधारायला. रोजच्या शब्दांची यादी नंतर आली. म्हणजे मुळात एकच गोष्ट घोटणं होतं. आणि आपल्याला हे बाहेरून कशाला शिकायला पाहिजे? चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून कोल्हापुरात परत आले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हाच परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. तालमीतही वस्ताद रोज नवा डाव देत नाहीत. (कोल्हापुरात बसून पोस्ट लिहायची आणि तालीम आणायची नाही, असं कसं चालेल?)

तर मग मी एक शब्द घेतला. 'कोल्हापूर'. शहरातल्या निम्म्या पाट्यांवर खाली तो असतोच. रोज चाळीस मिनिटं, काळं-पांढरं, तयार फॉन्ट नाही, आणि पोस्ट करायचं नाही. शेवटची अट सगळ्यात जड गेली.

पहिले दहा दिवस मजेत गेले. मग 'ल्हा'ने पकडलं. अर्धा ल आणि ह जवळ आणले की काळा गोळा होतो, लांब नेले की शब्द तुटतो. 'को'ची मात्रा शिरोरेषेच्या वर जाते, 'पू'चा ऊकार खाली लोंबतो, म्हणजे ओळीला दोन्हीकडे जागा लागते. इंग्रजीच्या हिशेबाने ओळीतलं अंतर ठेवलं की खालच्या ओळीची वेलांटी जाऊन त्या ऊकाराला भिडते. इतकी वर्षं हे मी कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये नजरेच्या अंदाजाने ढकलत होतो. का ढकलतो ते पंचविसाव्या दिवसाच्या आसपास कळलं.

आमच्या गल्लीत एक जुने पेंटर आहेत. महाद्वार रोडच्या कितीतरी पाट्या त्यांनी ब्रशने लिहिल्यात. त्यांना कागद दाखवला तर म्हणाले, "बाळ, ल आणि ह भांडायलेत. त्येंच्यातनं वारा जाऊ दे की जरा." मग कागद दाराला चिकटवायला लावला आणि मला रस्त्याच्या पल्याड पिटाळलं. तिथून बघितल्यावर माझा लाडका 'र' चक्क 'स'चा तुकडा वाटत होता. असं सांगणारं माणूस नसेल तर शंभर दिवस आपण आपलीच चूक पक्की करत बसतो, असं मला आता वाटतं. बदाम देणाऱ्यांपैकी हे कुणी सांगितलं नसतं.

गणपतीच्या सीझनला अकरा दिवस खाडा पडला. पडू दे. सलग दिवस मोजायचं खूळ मला पटत नाही. एकही दिवस चुकू नये म्हणून रात्री पावणेबाराला काहीतरी खरडणं ही निव्वळ हजेरी झाली.

नंतर शाहूपुरीतून गुळाच्या बॉक्सचं काम आलं. 'कोल्हापुरी गूळ'. इथं 'पु' ऱ्हस्व आणि 'गू' दीर्घ. जुन्या आर्टवर्कमध्ये दोन्ही उलटे होते. पहिलं डिझाईन मी छापून रस्त्यापलीकडे जाऊन बघितलं, मगच मालकांना पाठवलं. ते म्हणाले, "लोगो जरा मोठा करा." ते काही कुठल्या चॅलेंजने सुटणार नाही.

काल त्या पोराला म्हटलं, डेली यूआय राहू दे, एक शब्द घे. तो त्याच्या गावाचं नाव घेऊन बसलाय, 'गडहिंग्लज'. आज सकाळी विचारत होता, "दादा, वेलांटीवर अनुस्वार नेमका कुठं ठेवायचा ओ?" त्याला पेंटरांचा पत्ता दिलाय.