म्हणे, विश्वास कमी पडला!

आज चर्चमधली उपासना सुटल्यावर चहा चालू होता. आलेल्या पाहुण्या प्रचारकांनी आमच्या मंडळीतल्या एका ताईंना सरळ सांगितलं, "तुमचा विश्वास कमी पडतोय, म्हणून घरात टंचाई आहे." नवरा जाऊन वर्षही झालेलं नाही. ताई कप हातात धरून नुसत्या उभ्या. डोकं सणकलं माझं.

आमचे वडील दारू प्यायचे. पगाराच्या दिवशी तर हमखास. पिठाच्या डब्याचा तळ दिसला की आई रात्री चुलीपाशीच गुडघे टेकायची. अशात एका सकाळी शेजारची काकू सुपात ज्वारी घेऊन दारात. नळावरच्या भांडणानंतर आईशी अबोला धरलेली हीच ती काकू! "घ्या, नाहीतर टोके लागतील," असं तोंड वाकडं करून म्हणाली आणि गेली. आता सांगा, हे कुणाच्या विश्वासाचं फळ? वडिलांच्या? काकूच्या?

पुढे ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळात अन्नावाचून गेले. इतकी भाविक माणसं. "ते कुठे ख्रिस्ती होते," असंही म्हणणारे निघतील, त्यांना माझा दुरूनच नमस्कार. त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी पोरी, विधवा घेऊन आल्या. केडगावचं 'मुक्ती' हे निराधार बायका-मुलींचं आश्रयस्थान त्यातूनच उभं राहिलं. जगाने 'वाया गेलेली' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी तिथेच कृपासदन काढलं. दारात विश्वास मोजायचा काटा नव्हता लावलेला!

हो, नुसते हात जोडून डबा भरत नाही, कबूल. आईसुद्धा शेंगा फोडायला जायचीच.

पण ती ज्वारी काही डोक्यातून जात नाही. दळून आणली, आणि पहिली भाकरी आईने वाढली वडिलांना. मी फणकारले, "त्यांना कशाला?" आई भाकरी थापता थापता म्हणाली, "देवाने काय त्यांना वगळून धाडलीय?" वडील खाली मान घालून जेवले. दारू त्यानंतरही बरीच वर्षं सुटली नाही. आणि आमची चूलही कधी विझली नाही.

असो. उद्या संध्याकाळी आम्ही काही जणी त्या ताईंकडे महिन्याचा किराणा घेऊन जातोय. यायचं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. तेल आणि तूरडाळ अजून बाकी आहे. उपदेश घरीच ठेवून या.