‘भाषांतर सोडा, इंग्रजीत विचार करायला शिकवा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मागच्या लेखात मी नानजिंगमधल्या एका विद्यापीठातल्या माझ्या वर्गाबद्दल लिहिलं होतं. मुलं अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, शेतकी अशा विषयांची, इंग्रजी फक्त सक्तीचं म्हणून घेतलेली. त्यांना मी व्याकरण शिकवायचे ते चिनी परिच्छेदांचं इंग्रजी भाषांतर करवून घेत. त्यावर तुम्ही लिहिलंत की, भाषांतरातून इंग्रजी शिकवायची ही जुनी तर्खडकरी पद्धत आपण मोठ्या कष्टाने मागे टाकली आणि मी ती चीनमध्ये नेऊन पुन्हा उभी केली. भाषांतर म्हणजे मातृभाषेच्या कुबड्या, त्या काढून घेतल्याशिवाय मूल इंग्रजीत चालायला लागत नाही. शिवाय तुमचा एक थेट प्रश्न होता: जिला स्वतःला चिनी पुरतं येत नाही, ती मुलांचं भाषांतर तपासते कशाच्या आधारावर? तुम्ही सांगलीकडे तीस वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून विषय मिटवणं मला पटेना.

तुमच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. माझं चिनी साधी बातमी वाचता येण्याइतपत आहे, कादंबरी वाचण्याइतकं नाही. म्हणून वर्गात मला दर दोन ओळींमागे मुलांना विचारावं लागायचं, ‘इथे तुला नेमकं काय म्हणायचंय?’ आणि सर, माझ्या तासाला जे काही शिकणं झालं, ते या प्रश्नातून झालं.

एक प्रसंग सांगते. शानतुंग प्रांतातली एक मुलगी होती, यंत्र अभियांत्रिकीची. उत्तर चीनमध्ये वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, म्हणजे 21-22 डिसेंबरला, घरोघरी जिआओझ खातात. छोट्या करंजीसारखे दिसतात, आत सारण असतं आणि पाण्यात उकडतात. तिने चिनीत लिहिलं होतं, त्या दिवशी दरवर्षी आजी जिआओझ ‘बाओ’ करते. बाओ म्हणजे गुंडाळणं, पारीत सारण भरून ती मिटणं. आपण मोदक ‘करतो’ म्हणण्यापेक्षा ‘वळतो’ म्हणतो, तसं. तिचं इंग्रजी होतं: ‘ग्रँडमदर रॅप डंपलिंग एव्हरी इयर.’

माझ्याआधी कुणी ही वही तपासली असती तर रॅपला एस, डंपलिंगला एस, आजीच्या आधी माय, असं लाल शाईने लिहून पान उलटलं असतं. मी तिला विचारलं, कुणाची आजी? माझी, ती म्हणाली. जिआओझ किती? ती हसली, कोण मोजतंय, घरभर असतात. अजून करते का आजी? त्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, दोन वर्षांपूर्वी गेली.

चिनी वाक्यात हे कुठेच नव्हतं. तिथे क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. केलं, करते, करायची, सगळ्याला ‘बाओ’च. वेळ सांगायची असेल तर ‘गेल्या वर्षी’, ‘लहानपणी’ असा वेगळा शब्द घालायचा, आणि ऐकणाऱ्याला आधीच माहीत असेल तर तोही नाही घातला तरी चालतं. क्रिया पुरी झाली हे ‘ल’ या छोट्या शब्दाने दाखवता येतं, पण ‘ल’ म्हणजे भूतकाळ नव्हे. उद्या जेवण ‘झालं की’ निघू, यातही तो येतो. इंग्रजी मात्र आजी आहे की नाही हे विचारल्याशिवाय तुम्हाला वाक्य पुरं करू देत नाही. तिने शेवटी लिहिलं, ‘माय ग्रँडमदर यूज्ड टू मेक डंपलिंग्ज.’ मराठीत आपल्याकडे त्यासाठी ‘करायची’ हे एवढं सुंदर रूप आहे की आपल्याला ही अडचण कळतच नाही. ‘यूज्ड टू’ तिने बारावीच्या आत कितीतरी वेळा पाठ केलं होतं, गाळलेल्या जागाही भरल्या होत्या. ते कशासाठी असतं हे तिला त्या दिवशी कळलं. आणि ‘बाओ’तलं ते वळणं इंग्रजीत हरवलं, हेही तिनेच मला सांगितलं. तिला ते खुपत होतं, आणि खुपायलाच हवं.

आता ‘इंग्रजीत विचार करा’ याबद्दल. एकोणीस वर्षांचा मुलगा, ज्याने आयुष्यभर चिनीत विचार केलाय, त्याला असं सांगून तो तसा करायला लागत नाही. तो चिनीतच विचार करतो, फक्त लपवतो. माझ्या मुलांच्या कच्च्या वह्यांत समासात बारीक पेन्सिलने चिनी अक्षरं असायची, खोडून टाकलेली. म्हणजे भाषांतर चाललेलंच होतं, चोरून. मी ते समासातून उचलून टेबलावर आणलं, एवढंच.

ते समोर आल्यावर जे दिसलं, त्यात आपलं मराठीही दिसलं. तुम्ही किती वर्षं ‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम’ यातल्या ‘बट’वर काट मारली असेल! आपलं मूल तसं लिहितं, कारण त्याच्या डोक्यात ‘जरी… तरी’ ही जोडी पक्की आहे. चिनीत तीच जोडी ‘स्वेईरान… दानश’ अशी आहे, आणि ‘कारण’ व ‘म्हणून’ हे दोन्ही एकाच वाक्यात ‘यिनवेई… स्वोयी’ असे येतात. इंग्रजीला दोघांपैकी एकच चालतो. ‘काल आलेला माणूस’ हे चिनीत शब्दाला शब्द लावून तसंच म्हणतात, ‘काल आला’ आधी, मग ‘द’ हा जोडशब्द, मग ‘माणूस’. इंग्रजीत माणूस पुढे आणि त्याचं वर्णन ‘हू’ लावून मागे. हे सांगताना मला मराठीचा जो फायदा झाला, तो माझ्या इंग्रजी मातृभाषा असलेल्या सहकाऱ्यांना मिळत नव्हता. त्यांना चूक दिसायची, पण ती कुठून आली ते दिसायचं नाही.

सगळंच जुळत नाही, हेही खरं. चिनी मुलं इंग्रजी बोलताना आईला ‘शी’ऐवजी ‘ही’ म्हणतात, ते ऐकून नवखा शिक्षक चक्रावतो. कारण साधं आहे: ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हींचा उच्चार ‘था’. लिहिताना स्त्रीसाठी वेगळं अक्षर वापरतात, पण तेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झालं, कवी आणि भाषाशास्त्रज्ञ लिऊ बाननुंग यांनी 1920 मध्ये ते उचलून धरल्यावर. कानाला फरक नाही, मग जिभेला कसा असेल? याला निष्काळजीपणा म्हणून गुण कापणं मला अन्याय वाटतो.

आणि स्वल्पविराम! चिनीत एकामागून एक पूर्ण वाक्यं स्वल्पविरामांनी जोडत जाता येतात, मध्ये ‘आणि’, ‘कारण’, ‘पण’ काही नको, संबंध वाचणारा लावतो. व्याकरणकार लू शूशियांग यांनी याला ‘वाहत्या पाण्याची वाक्यं’ असं नाव दिलं. हे मला फार आवडतं. पण त्याच पाण्यासारखा इंग्रजी परिच्छेद लिहिला की परीक्षक प्रत्येक स्वल्पविरामाला गोल करतो. इथे भाषांतराचा तास अमोल आहे. मूल स्वतःच्याच चिनी वाक्यापाशी थांबतं आणि ठरवतं, या दोन तुकड्यांत ‘म्हणून’ आहे की ‘तरीही’ आहे. पुष्कळदा त्याला प्रथमच कळतं की, आपण ते ठरवलंच नव्हतं.

तुमचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि ते मी मूळ लेखात मांडायला हवं होतं. भाषांतराने नुकसान होतं, ते ठरीव उत्तरांमुळे. तिथल्या विद्यापीठांतल्या मुलांसाठीच्या देशव्यापी इंग्रजी परीक्षेत, म्हणजे कॉलेज इंग्लिश टेस्टमध्ये, 2013 च्या डिसेंबरपासून पूर्ण परिच्छेदाचं भाषांतर आलं: 30 मिनिटं, 15 टक्के गुण, चौथ्या पातळीला 140 ते 160 चिनी अक्षरं आणि सहाव्या पातळीला 180 ते 200. विषय चिनी संस्कृती, इतिहास, अर्थव्यवस्था, समाज असे. त्याआधी फक्त अर्धी वाक्यं पुरी करायची असायची, त्या मानाने हा बदल चांगलाच होता. पण लगेच तयार वाक्यांचे साचे आले. ‘विथ द डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी’ या पाच शब्दांनी सुरू होणारे निबंध मी इतके वाचलेत की पुढची ओळ न बघता सांगू शकेन. चिनीत ही सुरुवात भारदस्त वाटते, इंग्रजीत तिला काही अर्थच उरत नाही. अशा साच्यांचं पाठांतर म्हणजे भाषांतर असेल, तर तुम्ही म्हणता ते खरंच आहे, ती कुबडी आहे. चिनी भाषांतरकार येन फूंनी 1898 मध्ये चांगल्या भाषांतराच्या तीन अवघड गोष्टी सांगितल्या: मुळाशी प्रामाणिक राहणं, अर्थ पोचवणं, शैली राखणं. माझ्या वर्गात प्रत्येकाला हे तीन शब्द तोंडपाठ होते. वहीत मात्र पहिल्यापुढे कुणी जात नव्हतं, कारण पहिल्याचेच गुण मिळतात असं त्यांना सांगितलं गेलं होतं.

त्यावर मी जे करायचे ते सांगते, तुमच्या वर्गात उपयोगी पडेल. पाच-सहा ओळींचा चांगला इंग्रजी परिच्छेद घ्यायचा. मुलांनी तो आपल्या भाषेत आणायचा, जमेल तितक्या छान भाषेत. मग मूळ कागद शिक्षकाने काढून घ्यायचा. आठवड्याने, फक्त स्वतःच्या भाषांतरावरून, मुलांनी तो पुन्हा इंग्रजीत न्यायचा. मग मूळ शेजारी ठेवायचं. सोळाव्या शतकात रॉजर ॲस्कम इंग्लंडमध्ये लॅटिन शिकवायला असंच सुचवायचा, त्यामुळे पद्धत जुनी आहे हा तुमचा आक्षेप मी आनंदाने स्वीकारते. यात शिक्षकाने काट मारायची नसते. मूल स्वतःच बोट ठेवतं: मी ‘अ’ लिहिलं, इथे ‘द’ आहे, का? मराठीतही ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, त्यामुळे तुमच्या मुलांचं बोटही बहुधा तिथेच थांबेल.

माझ्याकडे चाळीस मिनिटांच्या तासाला पाच ओळी पुरायच्या. नववीला तीनच ओळी घ्या, आणि पहिल्या वेळी परिच्छेद स्वयंपाकाचा किंवा घरातल्या माणसाचा निवडा. करून बघितलंत तर दोन-तीन मुलांच्या वह्यांचे फोटो मला जरूर पाठवा, नावं झाकून.