झाडांना वारा, माणसांना घाम

मालवणजवळच्या आमच्या गावात मे महिन्यातही पारा ३३-३४ च्या वर सहसा जात नाही. हे नागपूरच्या जाऊबाईंना सांगितलं की त्या हसतात. त्यांच्याकडे ते सकाळच्या चहाच्या वेळचं तापमान. पण घाम वाळला तर अंग निवतं, आणि आमच्या हवेत आधीच इतकं पाणी की घामाला जायला जागाच उरत नाही. तो कपाळावरून निघतो आणि रमतगमत हनुवटीपर्यंत येतो.

अशा गावात आमच्या ह्यांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर माळ्यावरच्या खोलीत स्ट्रॉबेरी लावली. महाबळेश्वरची. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंच, आणि आमचं घर भरतीच्या रेषेपासून दोन माडांवर. स्ट्रॉबेरीला १८ ते २५ अंशांत बरं वाटतं. मलाही वाटतं, पण माझ्यासाठी कधी कोणी माळा रिकामा केला नाही.

बंद खोलीत ऊन नाही, म्हणून जांभळे एलईडी दिवे आले. एलईडी गरम होत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. पण दिवा कुठलाही असो, त्यानं खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. पानांच्या कडा वर वळून भाजलेल्या पापडासारख्या झाल्या, टोकं तपकिरी पडली. मग ह्यांनी वाऱ्याचा अभ्यास सुरू केला. कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. तिथली माणसं घरात तंबू ठोकून गांजा पिकवतात आणि त्याचे तासतासभर व्हिडिओ करतात. बंदिस्त झाडांना वारा कसा द्यावा, ही विद्या ह्यांनी सगळी त्यांच्याकडून उचलली.

ती विद्या अशी. गरम हवा वर चढते, म्हणून एक्झॉस्ट फॅन छताजवळ आणि हवा आत यायचं भोक समोरच्या भिंतीत, खाली. टेबल फॅन फिरता हवा. एकाच जागी रोखला तर पानं भाजल्यासारखी सुकतात. पण वारा अजिबात नसला तर पानाभोवती ओलसर हवेचा थर साचतो, पान पाणी सोडत नाही, मग मुळंही वर पाणी ओढत नाहीत. पानं नुसती डुललेली दिसली पाहिजेत. घरात टेबल फॅन एकच, तो सासूबाईंच्या खोलीतला.

"माझो पंखो खय गेलो?"

"आई, झाडांना उष्मा होतो."

"आणि माका काय थंडी वाजता?"

एक्झॉस्ट फॅननं आतली दमट हवा इमानेइतबारे बाहेर टाकली आणि बाहेरची त्याहून दमट आत घेतली. नागपूरच्या भावोजींनी फोनवरून कूलर सुचवला. तो कोरड्या हवेत पाण्याची वाफ करून गारवा देतो. आमच्याकडे त्यानं खोलीत फक्त पाऊस पाडायचा बाकी ठेवला. फळांवर करडी बुरशी आली. शेवटी एसी बसला. आता खिडकी बंद, एक्झॉस्ट बंद, वारा आतल्या आत फिरवायचा. नळीतून रोज बादलीभर पाणी निघे. आम्ही खाली वर्तमानपत्रानं वारा घेत बसायचो आणि त्या बादलीचा हेवा करायचो.

दिवसा ऊन आणि दिवे यांची गरमी एकत्र नको, म्हणून ह्यांनी झाडांचा दिवस रात्री करायचं ठरवलं. संध्याकाळी सातला दिवे लागायचे, सकाळी सातला विझायचे. रात्रभर माळ्याची खिडकी जांभळी. गावानं आधी भूत धरलं, मग कोणीतरी मुंबईहून आलेल्यानं सुधारून गांजा केला.

पोलीस पाटील आले. "वयनीनू, रागावू नकात. पण रात्रीचो तुमच्या माळ्यार उजेड दिसता. लोक कायबाय बोलतत."

अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. गांजाचं झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. हे सगळं ह्यांना पाठ होतं, त्यामुळे ते चोरापेक्षा जास्त घाबरले. पाटील वर गेले. ह्यांनी पान धरून दाखवलं: स्ट्रॉबेरीच्या पानाला तीनच दलं, गांजाच्या पानाला पाच-सात लांब बोटं. पाटलांना पटत आलं होतं, तेवढ्यात स्टुलावरच्या मोबाइलमधला कॅनडावाला आपल्या हिरव्यागार गांजाची पानं कुरवाळत बोलू लागला. पुढचं समजावणं लांबलं. पण पाटीलही उठायची घाई करीनात. एसीसमोर खुर्ची ओढून त्यांनी तपास चांगला सविस्तर केला, चहा दोनदा मागवला आणि पुन्हा येऊन बघावं लागेल, असं म्हणाले.

पावसाळा लागला आणि एसी अखंड चालूनही आर्द्रतेचा आकडा ८० च्या खाली येईना. ह्यांनी झडपा तपासल्या, फटींना चिकटपट्टी लावली, वहीत तासातासाचे आकडे लिहिले. दुपारी आकडा उडी मारायचा, संध्याकाळी उतरायचा. झाडं रात्री जागी, मग दुपारी हवेत पाणी सोडतं कोण? एका दुपारी ते झोपमोड करून वर गेले. दिव्यांच्या दोरीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सासूबाईंचं ओलं नऊवारी लुगडं, शेजारी माझे दोन परकर, आणि टेबल फॅन झाडांकडे पाठ करून कपड्यांवर रोखलेला.

आषाढात कोकणात कपडे वाळवणं काय असतं, ते कॅनडाला ठाऊक नाही.

"तुझ्या झाडांक वारो चलता, माझ्या लुगड्याक नको?" सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी त्याच दिवशी माळ्याला कुलूप घातलं. किल्ली सासूबाईंच्या कनवटीला असते.