पहिलं पिस्तूल ‘सर्वांत छोटं’ घ्या म्हणणाऱ्यांना उत्तर

पहिलं पिस्तूल घेणाऱ्यांसाठीचा एक सल्ला बरीच वर्षं जसाच्या तसा फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ग्लॉक (या ऑस्ट्रियन कंपनीचं पिस्तूल) घ्या, आणि त्यातलं सर्वांत छोटं घ्या, कारण छोटं हाताळायला सोपं आणि झटकाही कमी. जमलं तर ९ मिमीपेक्षा मोठ्या बोअरचं, म्हणजे जाड गोळीचं, घ्या. बाहेर सेफ्टीचा खटका नसला तरी काळजी नको, आत तीन-तीन सेफ्टी आहेत. ग्लॉक कधी अडकत नाही. घ्यायची तर नवीच पिढी घ्या. आणि चांगलं पिस्तूल असलं की अधूनमधून रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) गेलं तरी हात तयार राहतो.

‘ग्लॉक घ्या’ इथपर्यंत माझी हरकत नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक १७ स्वीकारलं तेव्हापासून या पिस्तुलाची मूळ रचना फारशी बदललेली नाही. सुटे भाग कमी आहेत, खोलायला-जोडायला सोपं आहे. शिवाय रांगेतलं कुठलंही मॉडेल उचला, चालवण्याची पद्धत तीच. एकावर शिकलेला माणूस दुसरं हातात घेऊन गोंधळत नाही. बाकीच्या सल्ल्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य मात्र नवशिक्याला चुकीच्या दिशेने नेतं. पहिलं पिस्तूल हे शिकण्यासाठी असतं, आणि हीच गोष्ट त्या सल्ल्यात कुठेच नाही.

आधी आकाराचं बोलू, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं.

छोटं म्हणजे सोपं, हे पटकन पटतं. काउंटरवर ग्लॉक ४३ हे छोटं मॉडेल हातात घेतलं की ते खरंच सोयीचं वाटतं: हलकं, सडपातळ, कुठेही मावेल असं. पण तिथे त्यातून गोळी सुटत नाही. झटक्याचा हिशोब साधा आहे. काडतूस तेच असेल तर गोळी आणि तिच्यामागचा वायू जेवढा जोर घेऊन पुढे जातात, तेवढाच जोर पिस्तुलाला मागे मिळतो. पिस्तूल जितकं हलकं, तितकं ते जास्त वेगाने हातात येऊन आदळतं. रिकाम्या मॅगझीनसह (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीसह) पूर्ण आकाराचं ग्लॉक १७ सुमारे ७१० ग्रॅम भरतं, ग्लॉक ४३ सुमारे ५१० ग्रॅम. दोन्हींत ९ मिमीचंच काडतूस जातं. छोट्या नळीतून गोळी थोडी कमी वेगाने निघते हे धरलं, तरी ४३ चा झटका ऊर्जेच्या हिशोबात बराच मोठा राहतो. भरलेल्या पिस्तुलांची तुलना केली तर हा फरक आणखी वाढतो, कारण १७ च्या मॅगझीनमधल्या १७ काडतुसांचंच वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे ‘छोट्याचा झटका कमी’ हे विधान नेमकं उलटं आहे.

त्यात मुठीचा प्रश्न येतो. ग्लॉक २६ आणि ४३ या छोट्या मॉडेलांची मूठ इतकी आखूड आहे की बहुतेकांची करंगळी खाली लोंबकळत राहते. ज्याची पकड पक्की झाली आहे तो दोन बोटांवरही पिस्तूल सांभाळतो. नवशिक्याची पकडच अजून बसलेली नसते. प्रत्येक गोळीला नळी वर उसळते, मूठ तळहातात सरकते, आणि पुढची गोळी झाडण्याआधी पकड पुन्हा जुळवावी लागते.

याचा खरा परिणाम हातापेक्षा डोक्यावर होतो. आठ-दहा गोळ्यांनंतर मेंदू झटक्याची वाट पाहू लागतो. चाप पूर्ण ओढला जाण्याआधीच मनगट खाली दाबलं जातं, डोळे मिटतात, गोळी लक्ष्याच्या खाली जाते. ही खोड बघायची असेल तर रेंजवर एखाद्या जोडीदाराला सांगा की मॅगझीन भरताना खऱ्या काडतुसांमध्ये एखादं डमी काडतूस कुठेतरी घालून दे. डमीची पाळी आली की स्फोट होत नाही, झटका बसत नाही, आणि तरीही नळी टुणकन खाली जाताना सगळ्यांना दिसते. ही खोड एकदा लागली की जाता जात नाही. नवशिक्याला ती लावायचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे त्याच्या हातात हलकं, आखूड पिस्तूल देणं.

नेमाचंही तसंच. मागची साइट आणि पुढची साइट (नेम धरायच्या पिस्तुलावरच्या खुणा) यांच्यातलं अंतर ग्लॉक १७ वर सुमारे १६५ मिमी आहे, ४३ वर सुमारे १३२ मिमी. पुढची साइट एका मिलिमीटरने बाजूला सरकली तर १० मीटरवर १७ ची गोळी साधारण ६ सेंटिमीटर चुकते, ४३ ची साडेसात. अनुभवी नेमबाज हा फरक भरून काढतो. शिकणाऱ्याला मात्र कळतच नाही की चूक चापावर झाली की साइट जुळवण्यात. आणि स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग, ओढणं! लोक धरून चालतात की लहान पिस्तुलाची स्लाइड ओढायला सोपी असेल. लहान स्लाइड हलकी असते, तिचा प्रवासही आखूड असतो, त्यामुळे तिला आवरायला स्प्रिंग कडक घालावी लागते, आणि पकडायला जागा कमी. ज्यांच्या बोटांत जोर कमी आहे त्यांना ‘तुम्हाला छोटंच बरं’ असं सांगितलं जातं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांनाच ते सर्वांत जड जातं.

लहान पिस्तुलाला स्वतःचं काम आहे. रोज कपड्यांच्या आत बाळगायचं असेल आणि मोठ्या पिस्तुलावर हात बसलेला असेल, तर ४३ किंवा २६ योग्यच आहे. लहानांत एक सन्माननीय अपवादही आहे, ग्लॉक ४२. ते .३८० एसीपी या कमी ताकदीच्या काडतुसाचं असल्यामुळे आकाराच्या मानाने मवाळ आहे. पण पहिलं आणि एकच घ्यायचं असेल तर १७ किंवा १९ घ्या. १९ ची नळी १०२ मिमी आणि मॅगझीन १५ काडतुसांचं; मोठ्याची स्थिरता बरीचशी टिकते आणि बाळगायलाही जमतं. हात अगदीच लहान असेल, दोन रांगांच्या मॅगझीनची जाड मूठ बोटांत मावत नसेल, तर ४८ बघा. लांबीने जवळपास १९ एवढंच, पण अंगाने सडपातळ, १० काडतुसांचं. मॉडेलचे आकडे पाहून आकार किंवा क्षमता ठरवू नका. १७ मध्ये १७ काडतुसं मावतात हा योगायोग. १९ मध्ये १५, २६ मध्ये १० आणि ४३ मध्ये ६ मावतात.

आता मोठ्या बोअरकडे. हा आग्रह आला कुठून ते समजून घेतलं तर त्याचं उत्तरही तिथेच सापडतं. १९८६ मध्ये अमेरिकेत मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास संस्थेचे दोन एजंट मारले गेले. ९ मिमीची एक गोळी हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडे थांबली. त्यानंतर संस्थेने जास्त ताकदीच्या काडतुसाचा शोध सुरू केला, आधी १० मिमी, मग १९९० मध्ये आलेलं .४० एस अँड डब्ल्यू. एफबीआयने .४० ची ग्लॉक २२ आणि २३ वापरलीही. पण पुढे हीच संस्था ९ मिमीकडे परतली, आणि २०१६ मध्ये तिने ग्लॉकचीच ९ मिमी पिस्तुलं निवडली. मधल्या काळात गोळीची रचना इतकी सुधारली होती की ९ मिमी आणि मोठी काडतुसं यांच्या परिणामात सांगण्यासारखा फरक उरला नव्हता. एजंट ९ मिमीने जास्त वेगाने आणि जास्त अचूक मारा करतात, हेही दिसलं होतं. प्रशिक्षित लोकांची ही स्थिती, तर पहिल्यांदा पिस्तूल धरणाऱ्याला .४० किंवा .४५ घ्यायला सांगण्यात काय अर्थ आहे? ग्लॉक २२ हे आकाराने १७ चंच भावंड, पण मॅगझीनमध्ये दोन काडतुसं कमी आणि झटका जास्त तीक्ष्ण. वर ९ मिमीची काडतुसं बहुतेक ठिकाणी स्वस्त पडतात, म्हणजे तेवढ्याच पैशात सराव जास्त.

उलट खालच्या बाजूला एक चांगला पर्याय आहे, त्याचं नाव या सल्ल्यात येत नाही. ग्लॉक ४४ हे .२२ एलआरचं पिस्तूल आहे, आकार १९ एवढाच, चाप तसाच. झटका जवळजवळ नाहीच. ज्याला आवाजाची आणि उसळीची धास्ती आहे, त्याने पहिले काही महिने यावर काढले तर चाप सावकाश, सरळ मागे ओढण्याची सवय शांतपणे लागते. नंतर १९ हातात आलं की मूठ ओळखीचीच वाटते.

सेफ्टीचं विधान अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच जास्त घातक. आत तीन सेफ्टी आहेत हे बरोबर. चापाच्या मधोमध एक बारीक पातं असतं, ते दाबलं गेल्याशिवाय चाप मागे येत नाही. काडतुसावर आदळून गोळी उडवणाऱ्या फायरिंग पिनच्या वाटेत एक अडसर असतो. तिसरी व्यवस्था पिस्तूल हातातून पडलं तरी गोळी सुटू नये म्हणून असते. पण या तिन्ही एकाच गोष्टीने उघडतात: चाप ओढल्याने. चाप बोटाने ओढला की शर्टाच्या टोकाने, हे पिस्तुलाला कळत नाही. होल्स्टरमध्ये (पिस्तूल अंगावर बाळगायच्या म्यानात) पिस्तूल परत ठेवताना जॅकेटची दोरी किंवा कपड्याची घडी चापाच्या कड्यात अडकून गोळी सुटल्याचे अपघात याच प्रकारचे. म्हणून ग्लॉक घेणाऱ्याने पिस्तुलाबरोबरच चाप पूर्ण झाकणारं, आकार न बदलणारं कडक होल्स्टर घ्यावं. आणि परत ठेवताना घाई अजिबात करू नये, होल्स्टरचं तोंड डोळ्यांनी बघून मगच ठेवावं.

याच मुद्द्यातली दुसरी गोष्ट तर सांगायलाच हवी. ग्लॉक साफ करायला खोलायचं असेल तर स्लाइड काढण्याआधी चाप ओढावा लागतो. रचनाच तशी आहे. म्हणजे पिस्तूल रिकामं आहे की नाही यात चूक झाली, तर ती चूक गोळी होऊनच बाहेर येते. सर्वांत सामान्य चूक क्रमाची असते. माणूस आधी स्लाइड ओढतो, चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकाशी झाडायला तयार बसलेलं) काडतूस बाहेर पडताना बघतो, मग मॅगझीन काढतो आणि निश्चिंत होतो. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये बसलेलं असतं. आधी मॅगझीन काढायचं. मग स्लाइड दोन-तीनदा पूर्ण ओढायची. मग ती मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीचं टोक घालून चाचपायचं. त्यानंतर नळी सुरक्षित दिशेला धरून चाप. हा क्रम हातात बसेपर्यंत पिस्तूल एकट्याने खोलू नये, शेजारी जाणता माणूस असावा.

‘कधी अडकत नाही’ याबद्दल एवढंच सांगतो की प्रत्येक सेमी-ऑटोमॅटिक (एका गोळीनंतर पुढची आपोआप चढवणारं) पिस्तूल अडकतं. ग्लॉक कमी अडकतं, हे त्याचं श्रेय. स्लाइड मागे जाऊन रिकामी पुंगळी फेकते ती मूठ घट्ट धरून ठेवलेली असते म्हणून. मनगट ढिलं पडलं तर सगळं पिस्तूलच मागे येतं, स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो आणि पुंगळी स्लाइडमधल्या बाहेर पडायच्या खिडकीतच उभी अडकते. हलक्या पिस्तुलात आणि कच्च्या पकडीत हे जास्त होतं, म्हणजे पुन्हा तोच छोट्या आकाराचा प्रश्न. वरच्या कडा वाकलेलं जुनं मॅगझीन हेही नेहमीचं कारण. अडकलेलं पिस्तूल शांतपणे मोकळं करणं पहिल्या दिवसापासून शिकावं.

पिढीचा मुद्दा लहान आहे. जुन्या पिढीचं सुस्थितीतलं पिस्तूल उत्तम चालतं. निवड हातावरून करा. मुठीच्या मागे बदलता येणाऱ्या पट्ट्या आणि दुसऱ्या बाजूला बसवता येणारं मॅगझीनचं बटण चौथ्या पिढीत, २०१० मध्ये आलं. २०१७ च्या पाचव्या पिढीत स्लाइड मागे अडकवायचा खटका दोन्ही बाजूंना आला आणि मुठीवरचे बोटांचे खाचे गेले. डावखुऱ्याला यातला फरक मोठा आहे. ज्याची बोटं त्या खाचांमध्ये बसत नाहीत, त्यालाही. बाकीच्यांनी त्यासाठी अडून बसू नये.

राहिला सराव. अधूनमधून रेंजवर जाण्याने झटक्याची ओळख राहते, चापावरचं बोट सुधारत नाही. ते सुधारतं घरी, काडतुसांशिवाय. ग्लॉकचा चाप एकदा ओढला की तो पुन्हा ओढता यावा म्हणून स्लाइड जेमतेम एक सेंटिमीटर ओढली तरी पुरते. पुढच्या साइटमागे, स्लाइडच्या सपाट पाठीवर एखादी रिकामी पुंगळी उभी करा आणि ती न पाडता चाप ओढा. दिवसाला दहा मिनिटं पुरेत. मात्र काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत, कुलपात हवीत, आणि नळीसमोर गोळी अडवू शकेल अशी भिंत हवी. सराव संपला की तो संपला असं मोठ्याने म्हणा आणि रिकामं पिस्तूल तसंच कुलपात ठेवा. घरात होणारे बरेच अपघात या क्षणानंतरचे असतात: पिस्तूल पुन्हा भरलेलं असतं, आणि हात ‘अजून एकदाच’ म्हणून चापाकडे जातो.