पस्तीस डॉलर वाचवण्याची विद्या

अमेरिकेत राहून हॅम म्हणजे हौशी रेडिओची टेक्निशियन परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल सर्वप्रथम आपले अभिनंदन. ३५ पैकी २६ उत्तरे बरोबर यावी लागतात, सगळा प्रश्नसंच उत्तरांसकट आधीच जाहीर असतो आणि मोर्सच्या कड-कट्टची अट तर २००७ सालीच निकालात निघाली. तरीही आपण बोर्डात आल्याच्या थाटात पेढे वाटलेत, हे रीतीला धरूनच झाले. परवाना आला, कॉल साइन हे रेडिओवरचे ओळखनाव मिळाले, ते गाडीच्या मागच्या काचेवर चिकटले आणि डॅशबोर्डखाली ५० वॅटचा मोबाइल संच बसला. (मोबाइल म्हणजे येथे फोन नव्हे, गाडीत बसवायचा रेडिओ, हा फरक सासूबाईंना समजावण्यात आपला एक रविवार गेला असेलच.) त्यानंतरच्या आठवड्यात आपल्या लक्षात आले की बोलायला माणूसच नाही. हॅमचा परवाना ज्याचा त्याला असतो, घराला मिळत नाही, आणि सहलीला दुसऱ्या गाडीतून येणाऱ्या पत्नीने "या वयात मी परीक्षाबिरीक्षा देणार नाही" असे निक्षून सांगितलेले असते.

अशा एकटेपणात माणसाला शेजाऱ्याच्या अंगणाची ओढ लागते. हॅमचा सत्तर सेंटिमीटरचा पट्टा ४५० मेगाहर्ट्‌झला संपतो, आणि तेथून जेमतेम बारा मेगाहर्ट्‌झ पुढे, ४६२ आणि ४६७ च्या घरात, जीएमआरएस, म्हणजे जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिस, या सेवेचे २२ चॅनेल सुरू होतात. दुकानात जोडीने मिळणाऱ्या, मुलांच्या हातात दिसणाऱ्या साध्या वॉकीटॉकीही याच २२ चॅनेलांवर बोलतात. येथे परीक्षा नाही, अभ्यास नाही. एफसीसी या अमेरिकी दूरसंचार नियामकाच्या संकेतस्थळावर अर्ज भरून ३५ डॉलर दिले की दहा वर्षांचा परवाना घरी येतो, आणि तोही सगळ्या कुटुंबाचा. २०२२ च्या एप्रिलपर्यंत हेच शुल्क ७० डॉलर होते. आता ते निम्म्यावर आले आहे, म्हणजे वर्षाला साडेतीन डॉलर पडतात, आणि नेमके हेच पैसे कसे वाचवावेत हा आजचा विषय आहे.

प्रथम संच खोलावा. आपला संच हॅमच्या पट्ट्याबाहेर ऐकू शकतो, पण बोलू शकत नाही, कारण कारखान्यात त्याच्या तोंडाला मुसके घातलेले असते. हे मुसके म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक रेझिस्टर. तो काढण्याच्या विधीला जाणकार मंडळी मार्स-कॅप मॉडिफिकेशन म्हणतात. यातला मार्स म्हणजे लष्कराची पूरक रेडिओ सेवा आणि कॅप म्हणजे सिव्हिल एअर पेट्रोल; या दोन संस्थांच्या स्वयंसेवकांना हॅमबाहेरच्या वारंवारता लागत असत, त्यावरून हे नाव पडले. आपण आयुष्यात कधी सलाम ठोकलेला नसला तरी हरकत नाही. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरावे, वाचायचा चष्मा कपाळावरून नाकावर आणावा, आणि सोल्डरिंग आयर्नचे टोक त्या दाण्यावर टेकवावे. पहिल्या प्रयत्नात शेजारचा दाणाही उडून कार्पेटमध्ये जातो. तो शोधण्यासाठी व्हॅक्यूम क्लीनर लावू नये, एवढे मी स्वानुभवावरून सांगतो.

येथे एखादा कायदेपंडित मित्र आडवा येईल. तो म्हणेल की जीएमआरएसवर बोलणारा प्रत्येक संच त्याच सेवेसाठी एफसीसीकडून प्रमाणित झालेला असावा लागतो, आणि हॅमच्या पट्ट्यावरही बोलू शकणाऱ्या संचाला ते प्रमाणपत्र मिळूच शकत नाही. त्यामुळे उद्या आपण ३५ डॉलर भरून रीतसर परवाना घेतला तरी हा संच या चॅनेलांवर बेकायदाच राहील. मित्र बरोबर बोलतो आहे, म्हणूनच त्याला सहलीचे आमंत्रण देऊ नये. त्याला उलट विचारावे की लहरीवर शिक्का असतो काय? ४६२.५६२५ मेगाहर्ट्‌झची लहर प्रमाणित डब्यातून निघाली काय नि आपल्या डब्यातून निघाली काय, ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?

हा प्रश्न मला स्वतःला बरेच दिवस बिनतोड वाटत असे. मग कळले की फरक लहरीत नसून कुलपात आहे. जीएमआरएसवाल्याची परीक्षा घेतलेली नसते, म्हणून त्याच्या हातात कुलूपबंद कपाट देतात. कोणत्या चॅनेलवर किती वॅट आणि किती रुंदी, हे कारखान्यातच ठरवून टाकलेले असते आणि अजाण पोरानेही कोणतेही बटण दाबले तरी गोंधळ होत नाही. हॅमची परीक्षा घेतलेली असते, म्हणून त्याला उघडे कपाट मिळते. त्याला घरी संच बांधण्याचीसुद्धा मुभा असते. म्हणजे आपल्याला उघडे कपाट मिळाले ते आपण सव्वीस उत्तरे बरोबर दिली या विश्वासावर, आणि आपण परवान्याबाहेर कोठे बोलायचे नाही हे त्याच अभ्यासक्रमात होते. परंतु उत्तीर्ण झाल्यावर अभ्यासक्रम विसरणे ही आपली परंपरा आहे, तेव्हा पुढे जाऊ.

चॅनेल निवडताना आठ ते चौदा यांपैकीच एक निवडावा. इतर चॅनेलांवर गर्दी असते. हे सात शांत असतात, आणि ते शांत का असतात याचा विचार करत बसू नये. त्यांच्यावर फक्त हातातल्या संचाने, तेही अर्ध्या वॅटच्या मर्यादेत बोलायचे असते. गाडीतल्या संचाला तेथे मुळीच प्रवेश नाही. आपण तेथे ५० वॅट घेऊन जावे. मर्यादेच्या शंभरपट. हे सात चॅनेल रिपीटरच्या (ऐकलेला आवाज जास्त शक्तीने पुढे पाठवणाऱ्या यंत्राच्या) ऐकण्याच्या वारंवारतांमध्ये फटीत बसवल्यासारखे बसवलेले आहेत. उदाहरणार्थ, आठवा चॅनेल ४६७.५६२५ वर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, अवघ्या साडेबारा किलोहर्ट्‌झवर, ४६७.५५० आणि ४६७.५७५ या ठिकाणी डोंगरावरच्या रिपीटरांचे कान टवकारलेले असतात. त्यात हॅमच्या सवयीने आपण रुंद एफएम ठेवलेले असणार. मग दूर दरीतून कोणी म्हातारा शेतकरी आपल्या पाच वॅटच्या हँडसेटवरून मुलाला ट्रक घेऊन ये असे सांगत असेल, तर त्याचे शब्द आपल्या "गाडीत चकल्या कोणाकडे आहेत?" या चौकशीखाली चिरडले जातात. आपल्याला हे ऐकूही येत नाही. हाच या चॅनेलांचा खरा आनंद आहे.

अँटेनाकडे पाहू नये. तो ४४० च्या आसपास बोलण्यासाठी कापलेला असतो. ४६७ वर नेला की त्याला दिलेल्या शक्तीतला काही वाटा माघारी संचाकडे येतो आणि संच तव्यासारखा तापतो. ही माघारी येणारी शक्ती दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर घरी ठेवल्यास हा त्रास दिसत नाही.

आता कुटुंबाचे पाहू. जीएमआरएसचा परवाना घेतला असता तर तो पती-पत्नी, मुले, नातवंडे, आई-वडील, आजी-आजोबा, भाऊ-बहिणी, काका-मामा, आत्या-मावशा, भाचे-पुतणे आणि झाडून सगळी सासरची मंडळी, इतक्यांना चालला असता. नियम लिहिणाऱ्याने मराठी लग्नाची पंगत डोळ्यांसमोर ठेवूनच ही यादी केली असावी असे वाटत असतानाच लक्षात येते की चुलत, मामे, आते आणि मावस भावंडे तीत नाहीत. चुलतभाऊ म्हणजे भाऊच, हे वॉशिंग्टनमध्ये कोणाला ठाऊक नाही. तेव्हा ज्या परवान्यात आपला चुलतभाऊ बसत नाही तो घ्यायचाच कशाला, हा मुद्दा आपण बाणेदारपणे मांडावा. चुलतभावाने स्वतःचे ३५ डॉलर भरले तर त्याचेही भागते, हे त्याला सांगू नये.

आमच्या चार गाड्यांच्या योसेमिटीच्या सहलीत ही सगळी विद्या प्रत्यक्ष वापरलेली मी पाहिली आहे. आघाडीच्या गाडीत आमचे हॅम मित्र होते, मी त्यांच्या शेजारी नकाशा घेऊन बसलो होतो, आणि मागच्या तीन गाड्यांत त्यांनी स्वतःच सेट करून दिलेल्या स्वस्तातल्या वॉकीटॉकी होत्या. ओकडेलपर्यंत सर्व आलबेल होते. दुसऱ्या गाडीतून भेंड्यांचा प्रस्ताव आला. या सेवेत संगीत, शिट्टी आणि करमणुकीचा मजकूर प्रक्षेपित करण्यास मनाई आहे, पण "म"वरून अडलेल्या मराठी माणसाला कोणते सरकार थांबवू शकले आहे? छुपा अर्थ असलेल्या संदेशांनाही याच नियमात बंदी आहे. वहिनींनी तिसऱ्या गाडीतून "असू दे, घरी गेल्यावर बोलू" एवढेच म्हटले, तेव्हा हा बहुधा त्या दिवसाचा सर्वांत गंभीर नियमभंग असावा असे मला वाटून गेले.

पुढे योसेमिटी जंक्शन आले. येथे १२० क्रमांकाचा रस्ता उजवीकडे वळतो आणि १०८ सोनोराच्या दिशेने जातो. आमच्या मित्राने तत्परतेने बटण दाबले आणि त्याच श्वासात आज्ञा सोडली. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे लागते, कारण समोरच्या संचाला टोन ओळखून कान उघडायला तेवढा वेळ लागतो. हे न केल्यास पहिली अक्षरे गिळली जातात. "उजवीकडे" या शब्दाची पहिली दोन अक्षरे गिळली तर उरते "वीकडे". "डावीकडे" या शब्दाचे पहिले अक्षर गिळले तरी उरते "वीकडे". मराठी भाषेतला हा दोष ५० वॅटांनी दूर होत नाही. चौथी गाडी, जिच्यात पुऱ्यांचा आणि बटाट्याच्या भाजीचा डबा होता, ती सोनोराकडे निघून गेली, आणि मध्ये दोन टेकड्या येताच तिचा आवाज बंद पडला. या वारंवारतेच्या लहरी टेकडी ओलांडत नाहीत. वॅट वाढवून टेकडी खचत नाही.

अशा वेळी आपत्कालीन कलम बाहेर काढावे. जिवाच्या सुरक्षिततेचा आणि मालमत्तेच्या तातडीच्या संरक्षणाचा प्रश्न असेल, आणि नेहमीची संपर्कव्यवस्था उपलब्ध नसेल, तर हॅमला हाताशी असलेले कोणतेही रेडिओसाधन वापरण्यास नियम आडकाठी करत नाहीत, असे एक वाक्य हॅमच्या नियमांत आहे, आणि प्रत्येक नव्या हॅमला परीक्षेतले बाकी सारे विसरल्यावरही ते तोंडपाठ असते. पुऱ्यांचा डबा ही मालमत्ता आहेच. दुर्दैवाने एफसीसी या कलमाचा अर्थ फार कोरडेपणाने लावते. २०२१ च्या जुलैमध्ये आयडाहो राज्यातल्या एल्क रिव्हरजवळ वणवा पेटला असताना एका परवानाधारक हॅमने अग्निशमनाच्या वारंवारतांवर शिरून विझवणाऱ्यांना आगाऊ सूचना दिल्या. सूचना मदतीच्याच होत्या, अशी त्याची समजूत असावी. पुढच्या वर्षी एफसीसीने त्याला ३४,००० डॉलरचा दंड प्रस्तावित केला. परवान्याच्या शुल्काने भागल्यास हा आकडा सुमारे नऊ हजार सातशे वर्षांच्या जीएमआरएसच्या हिशेबाला येतो. आपण मात्र हा भागाकार करू नये.

शेवटची गोष्ट कॉल साइनची. जीएमआरएसवर दर पंधरा मिनिटांनी आणि बोलणे संपताना आपली ओळख इंग्रजीतून द्यावी लागते. आपल्याकडे तेथली कॉल साइन नाही, म्हणून गप्प बसावे असा मोह होईल. पण आपण हॅम आहात, आपल्याला दर दहा मिनिटांचे वळण लागलेले आहे. आपण हॅमचीच कॉल साइन द्यावी, आणि ती खणखणीत आवाजात, फोनेटिक अक्षरांत, दोनदा द्यावी. त्यायोगे आपण गुन्हेगार नसून सुशिक्षित आहोत हे सिद्ध होते. कॉल साइन टाकली की एफसीसीच्या खुल्या नोंदवहीत नाव आणि टपालाचा पत्ता समोर येतो, ही सोय आहे.

मोकासिन मागे पडले तेव्हा आमच्या मित्राने पुऱ्यांच्या शोधात रिपीटरवर आवाज दिला होता. थोडी खरखर झाली, आणि एका वयस्कर गृहस्थांचा अतिशय सभ्य आवाज आला. त्यांनी सांगितले की हा रिपीटर ते स्वतःच्या खर्चाने चालवतात, सकाळपासून शेजारच्या चॅनेलवरचे गाणे त्यांच्या यंत्रात मधूनमधून उतरत आहे आणि गाणाऱ्या बाईंचा गळा चांगला आहे. मग त्यांनी आमच्या मित्राला त्याच्या पहिल्या नावाने हाक मारली, उच्चार चुकला असल्यास क्षमा मागितली, आणि सांभाळून जा म्हणाले. जीएमआरएसवाल्याने हॅमच्या स्टेशनशी बोलणे हेही नियमात बसत नाही. तेवढा एक नियमभंग त्यांनी आमच्यासाठी केला.

गाडीत शांतता पसरली. मागच्या सीटवरून मित्राच्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, "बाबा, त्यांना तुझं नाव कसं कळलं?"

अशा प्रश्नाला उत्तर देऊ नये. प्रीस्ट ग्रेडचा चढ सुरू झाला आहे असे सांगावे आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत.